रक्तदान शिबिर घ्यायचंय? आधी कॅलेंडर घेऊन बसा

समजा, १९ फेब्रुवारीला शिवजयंतीच्या निमित्ताने गावात मोठं रक्तदान शिबिर झालं. दीडशे जणांनी रक्त दिलं. आता कॅलेंडर काढा आणि माझ्याबरोबर दिवस मोजा. त्या रक्तातून वेगळ्या केलेल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, पाच दिवस टिकतात, म्हणजे २४ फेब्रुवारीला त्यांची मुदत संपली. तांबड्या पेशी २ ते ६ अंश सेल्सिअसला ठेवल्या तरी जास्तीत जास्त ४२ दिवस टिकतात, म्हणजे २ एप्रिलपर्यंत. त्या दिवशी रक्त दिलेल्या पुरुषांना पुन्हा रक्त देता येतं ते ९० दिवसांनी, म्हणजे २० मेला. महिलांना १२० दिवसांनी, म्हणजे १९ जूनला.

२ एप्रिल ते २० मे. या सात आठवड्यांत त्या शिबिरातली एकही तांबडी पिशवी फ्रीजमध्ये नसते, आणि ती देणाऱ्या दीडशेपैकी एकालाही बोलावता येत नाही. नेमकी तेव्हाच कॉलेजं बंद असतात, पोरं गावी गेलेली असतात, लग्नसराई असते आणि उन्हामुळे कुणी शिबिर घ्यायला धजत नाही. मग रुग्णाचा मुलगा हातात चिठ्ठी घेऊन या रक्तपेढीतून त्या रक्तपेढीत फिरतो.

हे गणित मला जिल्ह्याच्या रक्तपेढीतल्या एका तंत्रज्ञ ताईंनी एका एप्रिलमध्ये कागदाच्या पाठीवर मांडून दाखवलं होतं. आमच्या तालुक्याच्या सेवा क्लबचा मी तेव्हा सचिव होतो. त्याआधी आम्ही दरवर्षी एक मोठं शिबिर घ्यायचो आणि वार्षिक अहवालात पिशव्यांचा आकडा ठळक अक्षरात छापायचो. ताई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “दादा, दीडशे एकदम नकोत हो. चाळीस-चाळीस द्या, पण मी सांगेन तेव्हा द्या.” पुढचं सगळं त्या एका वाक्यातून आलेलं आहे. रोटरी असो, लायन्स असो, गणेश मंडळ असो की सोसायटीतली दहा-बारा मंडळी असोत, काम करण्याची पद्धत फारशी बदलत नाही.

तारीख आपली नाही, रक्तपेढीची

रोटरी आणि लायन्सचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. पदग्रहण सोहळा झाला की पहिल्या महिन्यातच वर्षभराचे उपक्रम ठरतात. त्या बैठकीला बसण्याआधी अध्यक्ष किंवा सचिवाने रक्तपेढीला एक फोन करावा आणि तीन प्रश्न विचारावेत: मागच्या वर्षी कोणत्या आठवड्यांत तुटवडा होता? एका वेळी किती पिशव्या तुम्हाला पेलतील? आणि आमच्या तारखेच्या आसपास तुमची आणखी कुठे शिबिरं आहेत?

महाराष्ट्रात साधारण चित्र असं असतं. १५ ऑगस्ट, गणेशोत्सव, २६ जानेवारी, शिवजयंती, १४ एप्रिलची आंबेडकर जयंती आणि मधेमधे नेत्यांचे वाढदिवस, या दिवसांत रक्त भरपूर जमतं. दिवाळीची सुट्टी, एप्रिलचा उत्तरार्ध आणि सबंध मे हा कोरडा काळ. पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंग्यूची साथ असली की प्लेटलेटची मागणी वाढते, आणि त्या पाच दिवसांपलीकडे साठवता येत नाहीत. म्हणजे ऑगस्टचं रक्त ऑक्टोबरच्या डेंग्यूला उपयोगी नाही. वर्षात एकच शिबिर झेपत असेल तर ते मेमध्ये घ्या. ८ मे हा जागतिक थॅलेसेमिया दिन आहे, निमित्तच हवं असेल तर याहून चांगलं नाही. थॅलेसेमिया हा रक्ताचा जन्मजात आजार. त्याच्या गंभीर प्रकारातल्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आणि ते जन्मभर. त्यांना उन्हाळ्याची सुट्टी नसते.

दोन-तीन शिबिरं झेपत असतील तर दात्यांचेच गट पाडा. आमच्याकडे आता तीन गट आहेत. एका गटाला जानेवारीच्या सुरुवातीला बोलावतो, दुसऱ्याला मेच्या पहिल्या पंधरवड्यात, तिसऱ्याला दिवाळीनंतर लगेच. ज्यांना वर्षातून दोनदा द्यायचं असतं ते आपापला ९० किंवा १२० दिवसांचा हिशेब धरून दुसऱ्या गटातही येतात. मेच्या गटातल्या मंडळींना फेब्रुवारीतच सांगून ठेवतो की शिवजयंतीच्या शिबिरात मदतीला जरूर जा, पण रक्त आपल्या शिबिरासाठी राखून ठेवा. पहिल्या वर्षी हे सांगताना जीभ अडखळली होती, कुणाला वाटेल आम्ही दुसऱ्याच्या शिबिराला मोडता घालतोय. पण दिवसांचं गणित एकदा समोर ठेवलं की माणसं समजून घेतात.

तारीख पक्की करताना पंचांगही बघा. उपाशी माणसाचं रक्त घेत नाहीत, आणि उपवास करणाऱ्याला साबुदाण्याची खिचडी चारून खाटेवर झोपवणं हा त्यावरचा उपाय नव्हे. रविवारी संकष्टी आली तर अर्धा गाव उपाशी. एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस आणि रमजानचा महिना टाळा. आठवडी बाजाराचा दिवस नको, पेरणीची घाई नको, दहावी-बारावीच्या परीक्षा नकोत. मेमधलं शिबिर सकाळी साडेसातला सुरू करून अकराच्या आत आटपा.

कोणत्या रक्तपेढीला बोलवायचं

रक्त गोळा करण्याचा अधिकार परवानाधारक रक्तपेढीलाच आहे. कायद्याच्या भाषेत तिला आता ‘रक्तकेंद्र’ म्हणतात, पण बोलताना सगळे ब्लड बँकच म्हणतात. त्यांच्याकडे परवान्याची प्रत मागा, मुदत बघा, आणि राज्य रक्त संक्रमण परिषदेच्या नियमांप्रमाणे त्यांना बाहेर शिबिर घेता येतं ना, हे स्पष्ट विचारा. सरकारी रुग्णालयाची, रेडक्रॉसची किंवा नावाजलेल्या धर्मादाय संस्थेची रक्तपेढी जवळ असेल तर तिला पहिलं प्राधान्य द्या. परगावच्या रक्तपेढीला बोलावलं तर रक्त तुमच्या तालुक्याबाहेर जातं, हेही ध्यानात असू द्या. ते वाईट नाही, पण गावातल्या दात्याला आधी सांगितलेलं बरं.

अंतराचा आणखी एक मुद्दा आहे, तो बहुतेक क्लब विचारात घेत नाहीत. एका पिशवीतून तांबड्या पेशी, प्लाझ्मा (रक्तातला पिवळसर द्रव) आणि प्लेटलेट असे तीन घटक वेगळे करता येतात, आणि ते तीन वेगवेगळ्या रुग्णांना जाऊ शकतात. पण प्लेटलेट वेगळ्या करायच्या तर रक्त घेतल्यापासून सहा ते आठ तासांत ते प्रयोगशाळेतल्या यंत्रात वेगाने फिरवलं गेलं पाहिजे. शिबिर दिवसभर लांबलं आणि गाडी रात्री उशिरा पोहोचली तर सकाळच्या दात्यांच्या प्लेटलेट गेल्याच. म्हणून लांबच्या गावी शिबिर असेल तर ते लहान आणि लवकर संपणारं ठेवा, किंवा दुपारी एक गाडी पुढे रवाना होईल का ते ठरवून घ्या. रक्तपेढीत घटक वेगळे करायची सोय आहे की नाही, हे तर आधीच विचारा.

रक्तपेढी जर शिबिराचा मंडप, दात्यांच्या भेटवस्तू किंवा पिशवीमागे काही द्यायला उत्सुक दिसली तर नम्रपणे नकार द्या आणि दुसरीकडे बोला. तो खर्च शेवटी कुठल्या तरी रुग्णाच्या बिलात जातो.

“आम्ही रक्त फुकट दिलं, मग पेशंटकडून पैसे का घेता?” हा प्रश्न दरवेळी येणार, त्याचं उत्तर पाठच करून ठेवा. रक्ताची किंमत घेतली जात नाही. पिशवी, चाचण्या, घटक वेगळे करणं आणि साठवण यांचं प्रक्रिया शुल्क असतं आणि त्याची कमाल मर्यादा राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषद ठरवते. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया अशा पाच गोष्टींसाठी तपासणी होते. थॅलेसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना रक्त मोफत द्यायचं असतं. ते मिळत नसेल तर क्लबने त्या कुटुंबाबरोबर जाऊन विचारणा करावी. हेही रक्तदानाइतकंच सेवेचं काम आहे.

जागा

पहिल्या मजल्यावरचा हॉल घेऊ नका. हे मी अनुभवाने सांगतो. एका वर्षी आम्हाला वरच्या मजल्यावरचं सभागृह फुकट मिळालं. रक्त देऊन, चहा पिऊन, प्रशस्तिपत्र घेऊन एक तरुण हसत निघाला आणि जिन्याच्या चौथ्या पायरीवर त्याच्या डोळ्यांसमोर अंधारी आली. खालून वर येणाऱ्या माणसाने त्याला धरलं म्हणून डोकं वाचलं. कपाळावर टेंगूळ आलं, तेवढ्यावर निभावलं. चूक आमची होती. तो दहा मिनिटंही बसला नव्हता आणि त्याला उठताना कुणी अडवलं नव्हतं.

तळमजला, हवा खेळती, पंखे, वीज गेली तर जनरेटर, पिण्याचं पाणी, जवळ स्वच्छतागृह. ५० ते ७० दात्यांचं शिबिर साधारण तीन तासांत आणि १०० ते १२० दात्यांचं पाच तासांत व्हावं, आणि सहा ते आठ खाटांमागे एक डॉक्टर व दोन परिचारिका असाव्यात, असं नियमच सांगतो. एका दात्यामागे खाट पंधरा-वीस मिनिटं अडते, म्हणजे सहा खाटांवर तासाला अठरा जण होतात. याहून जास्त माणसं एका तासात बोलावलीत तर डॉक्टरांकडची तपासणी घाईची होणार. आणि सुरक्षित रक्ताचा सगळा भरवसा त्या तपासणीवर असतो.

मांडणी करताना माणूस एकाच दिशेने पुढे जाईल असं बघा: नोंदणी, वजन, हिमोग्लोबिन, डॉक्टर, खाट, विश्रांती, अल्पोपहार, बाहेर. डॉक्टरांचं टेबल मात्र वेगळं, पडद्याआड. दात्याच्या अर्जात खासगी आयुष्याबद्दलचे, आजारांबद्दलचे, व्यसनाबद्दलचे प्रश्न असतात. मागे शेजारचे काका रांगेत उभे असताना त्यांची खरी उत्तरं कोण देईल? आणि खरं उत्तर ही पहिली चाचणी आहे, कारण संसर्ग नुकताच झाला असेल तर काही दिवस तो प्रयोगशाळेच्या तपासणीत दिसत नाही. दोन बांबू आणि एक चादर, एवढ्यात हे काम होतं.

दाते कसे जमवायचे, आणि कुणाला थांबवायचं

फ्लेक्स लावून दाते येत नाहीत. माणसाला माणसाने विचारलं की येतात. क्लबमध्ये तीस सभासद असतील तर प्रत्येकाने पाच जणांना स्वतः भेटून किंवा फोन करून विचारावं. त्यातले दोन आले तरी साठ झाले. फोन करतानाच वेळ ठरवून द्या: “तुम्ही सव्वानऊला या.” ज्याला वेळ दिली तो येतो. “सकाळी कधीही या” म्हटलं की माणूस उद्यावर ढकलतो, किंवा सगळे अकराला येऊन दाटी करतात.

त्याच फोनवर चाळणी लावा. वय १८ ते ६५, पण पहिल्यांदाच देत असेल तर ६० च्या आत. वजन किमान ४५ किलो. ४५ किलोच्या दात्याकडून ३५० मिलिलिटर घेतात, ४५० मिलिलिटरच्या पिशवीसाठी वजन ५५ च्या वर लागतं. वर्षभरात टॅटू काढला असेल, कान-नाक टोचलं असेल तर थांबायचं. डेंग्यू झाला असेल तर बरं झाल्यावर सहा महिने. बाळ अंगावर पीत असेल तर नाही. कुठलंही औषध चालू असेल तर त्याचं नाव लिहून आणायला सांगा, निर्णय डॉक्टर घेतील. “काही होत नाही हो, या तुम्ही,” असं आपण म्हणायचं नाही. आदल्या रात्री नीट झोप, सकाळी पोटभर नाश्ता, भरपूर पाणी. रात्रपाळी करून थेट आलेल्या कामगाराला घरी झोपायला पाठवा आणि पुढच्या तारखेला बोलवा.

कॉलेज किंवा कारखान्यात शिबिर घेताना एक पथ्य फार महत्त्वाचं आहे. प्राचार्य, मॅनेजर किंवा आपले अध्यक्ष यांनी खाटांजवळ उभं राहून कोण देतोय आणि कोण नाही ते पाहू नये. एनएसएसच्या गुणांसाठी किंवा हजेरीसाठी रक्त द्यायला लावू नये. दबावाखाली आलेला माणूस अर्जावर खोटं लिहितो. त्याचा त्रास पिशवीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या रुग्णाला होतो.

पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर आपल्या देशात १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर ती आली. त्याआधी रक्त विकून पोट भरणारी माणसं होती, अशक्त, आजारी, पंधरा-पंधरा दिवसांनी नाव बदलून येणारी. तो बाजार बंद झाल्यावर ती जागा स्वेच्छेने देणाऱ्यांनी भरायची होती, आणि ती भरण्याचं मोठं काम आपल्यासारख्या क्लबांकडे आलं. म्हणून मला भेटवस्तूंचं वाईट वाटतं. मिक्सर, हेल्मेट, ट्रॅव्हल बॅग, लकी ड्रॉ; मी अशी शिबिरं जवळून पाहिली आहेत. एका ठिकाणी एक मुलगा, महिनाभरापूर्वीच रक्त दिलेला, हातावरची सुईची खूण बाहीखाली लपवून रांगेत उभा होता, कारण घरी मिक्सर हवा होता. त्या पोराला मी दोष देत नाही. वस्तू ठेवणाऱ्याला देतो. राज्य रक्त संक्रमण परिषदेनेही भेटवस्तूंचं आमिष नको म्हणून बजावलेलं आहे. प्रशस्तिपत्र, रक्तदाता कार्ड, छातीवर लावायचा बिल्ला आणि प्रेमाने दिलेला नाश्ता, एवढं पुरे. वाचलेल्या पैशांतून थॅलेसेमियाच्या एका मुलाचा प्रवासखर्च निघतो.

शिबिराचा दिवस

साठ दात्यांच्या शिबिराला बारा-तेरा स्वयंसेवक लागतात. नोंदणीला दोघे, चांगल्या अक्षराचे. मोबाईल क्रमांकाचा एक आकडा चुकला तर तो दाता आपल्याला कायमचा गमावला. दारात एकजण, येणाऱ्याने काही खाल्लंय का हे विचारणारा. नसेल तर आधी पोहे द्यायचे आणि डॉक्टर सांगतील तेवढं थांबवायचं. पाण्यावर एकजण: खाटेवर जाण्याआधी प्रत्येकाने पाण्याचे दोन मोठे ग्लास प्यायचे, त्याने चक्कर येण्याचं प्रमाण कमी होतं. खाटांजवळ दोघे, बोलके. पहिल्यांदा देणाऱ्याशी त्याच्या गावाबद्दल, क्रिकेटबद्दल, कशाबद्दलही बोलत राहायचं. अल्पोपहाराला तिघे. उरलेले धावपळीला.

सगळ्यात अनुभवी माणूस मात्र विश्रांतीच्या खुर्च्यांजवळ बसवा. त्याचं काम चेहरे बघणं. ओठ पांढरे पडले, कपाळावर घाम आला, जांभया यायला लागल्या, बोलता बोलता माणूस गप्प झाला, की चक्कर येणार. त्याला तिथल्या तिथे आडवं करायचं, पाय उशीवर किंवा खुर्चीवर उंच, कपडे सैल, भोवतीची गर्दी बाजूला, आणि डॉक्टरांना हाक. पाणी लगेच तोंडात ओतायचं नाही, पूर्ण शुद्धीवर आल्यावरच द्यायचं. विशीतली, पहिल्यांदा देणारी, हडकुळी मुलं-मुली यांच्याकडे जास्त लक्ष. तब्येतीने दणकट पैलवानालाही चक्कर येते, त्याची थट्टा होऊ देऊ नका. तो पुन्हा येणार नाही.

रक्त दिल्यावर पंधरा मिनिटं बसल्याशिवाय कुणी उठायचं नाही. आम्ही यासाठी सोपी युक्ती केली आहे: खाटेवरून उठताना कार्डावर वेळ लिहितो, आणि प्रशस्तिपत्र त्या वेळेनंतर पंधरा मिनिटांनीच देतो. चहा-बिस्किटांबरोबर केळं, राजगिऱ्याचा लाडू, लिंबू सरबत ठेवा. सरबतात मीठ आणि साखर दोन्ही हवं. निघताना सांगायचं: पट्टी चार-पाच तास काढू नका, त्या हाताने आज जड उचलू नका, तासभर तरी बिडी-सिगारेट नको, दिवसभर पाणी पीत राहा, आणि पुन्हा चक्कर आल्यासारखी वाटली तर जिथे असाल तिथे खाली बसा. मोटारसायकलवर आलेल्याला अर्धा तास जास्त थांबवा. ट्रॅक्टर, क्रेन, उंचावरचं काम असेल तर त्या दिवशी सुट्टीच.

उद्घाटन छोटं ठेवा. पाहुण्यांची वाट बघत दाते ताटकळतात, डॉक्टर-परिचारिका बसून राहतात आणि प्लेटलेटचे तास जातात. आम्ही आता दीपप्रज्वलन रक्तदान सुरू झाल्यावर, पाहुणे येतील तेव्हा, बाजूला करतो. पाहुण्यांनीही कधी तक्रार केली नाही. खाटेवरच्या दात्याचा फोटो त्याला विचारल्याशिवाय काढू नका.

ज्यांना परत पाठवलं

हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली असेल तर रक्त घेत नाहीत. काही ठिकाणी आता छोटं यंत्र असतं, पण आमच्याकडे येणाऱ्या ताई अजून मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) निळ्या पाण्याची बाटली ठेवतात. बोटाला टोचून काढलेला थेंब त्यात सोडायचा. पंधरा सेकंदांत तळाशी गेला तर चाललं. तरंगत राहिला तर नाही.

एका शिबिरात अंगणवाडीताई आल्या होत्या, पाच जणी मिळून. उत्साहाने, चांगल्या साड्या नेसून. पाचपैकी चौघींचा थेंब वर राहिला. शेवटच्या ताई त्या निळ्या बाटलीकडे वाकून बघत राहिल्या. थेंब थोडा खाली गेला, थांबला, पुन्हा वर आला. “गावातल्या पोरींना मीच लोहाच्या गोळ्या वाटते,” त्या हळूच म्हणाल्या. आम्ही तेव्हा काय केलं? “पुढच्या वेळी या,” म्हणून हसून निरोप दिला. आमच्या लेखी त्या चौघी मोजणीत नव्हत्या.

ही चूक आम्ही नंतर सुधारली, आणि कुठल्याही क्लबने पहिल्याच शिबिरापासून हे करावं असं मला मनापासून वाटतं. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक महिलांमध्ये रक्ताचं प्रमाण कमी आढळतं. म्हणजे रक्तदान शिबिर हे न बोलावता झालेलं तपासणी शिबिरही असतं. परत पाठवलेल्यांसाठी वेगळं टेबल मांडा, शक्यतो गावातल्या महिला डॉक्टरांना तिथे दोन तास बसवा. पूर्ण तपासणीची चिठ्ठी, गोळ्या कुठे मोफत मिळतात, त्या जेवणाबरोबरच्या चहासोबत का घेऊ नयेत, किती महिने घ्यायच्या, हे शांतपणे समजवा. नाव-नंबर लिहून घ्या आणि तीन महिन्यांनी क्लबमधल्या एखाद्या भगिनीने फोन करावा. त्या पाचांपैकी तिघी आता वर्षातून एकदा रक्त देतात. दोघींचं प्रमाण काही वर येत नाही, त्या नोंदणीच्या टेबलावर बसतात.

शिबिरानंतर

त्याच संध्याकाळी वही पुरी करा: नाव, रक्तगट, मोबाईल, तारीख, आणि पुढे पुन्हा कधी देता येईल ती तारीख. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. पिशव्यांच्या आकड्यापेक्षा आमच्या बैठकीत आता दुसरा आकडा वाचला जातो: आलेल्यांपैकी किती जण याआधीही आले होते. पुन्हा पुन्हा येणाऱ्याचं रक्त दरवेळी तपासलं गेलेलं असतं, त्याला नियम माहीत असतात, तो खोटं बोलत नाही.

आठवड्याने रक्तपेढीला फोन करून किती पिशव्या वापरल्या गेल्या, किती मुदत संपून टाकाव्या लागल्या, हे विचारा. उत्तर अप्रिय असलं तरी विचारा, पुढच्या वेळचा आकडा त्यावरून ठरतो. पण कुणाच्या चाचणीत काय निघालं हे कधीही विचारू नका आणि कुणी सांगू लागलं तरी ऐकू नका. ते रक्तपेढीच्या समुपदेशकाने त्या माणसाला एकट्याला बोलावून सांगायचं असतं.

दात्यांची यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. लोकांचे फोन नंबर आपल्याकडे विश्वासाने आलेले असतात. क्लबमधल्या दोघांकडेच ती वही असावी आणि तातडीचे फोन त्यांनीच करावेत. मदत मागणारा संदेश आला तर पुढे पाठवण्याआधी रुग्णालयात फोन करून खात्री करा, कारण महिन्यापूर्वी बऱ्या झालेल्या रुग्णासाठीचे संदेश अजून फिरत असतात. नातेवाइकांना “आधी बदली दाता आणा”, म्हणजे मिळणाऱ्या रक्ताच्या बदल्यात तुमचा माणूस रक्त द्यायला आणा, असं सांगितलं जात असेल तर त्यांच्या वतीने रक्तपेढीशी बोला. घाबरलेल्या माणसाने भर रात्री दाता शोधत फिरावं हे धोरणाला धरून नाही.

दुर्मीळ गटांची पानं वहीत वेगळी ठेवा. निगेटिव्ह गटाच्या दात्यांना शिबिरात रक्त द्यायला लावण्याऐवजी रक्तपेढीच्या सल्ल्याने गरजेला बोलावणं बरं. ‘बॉम्बे’ रक्तगटाचं कुणी सापडलं तर ते फारच जपून. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा गट शोधला, म्हणून त्याला हे नाव. साध्या तपासणीत तो ‘ओ’ वाटतो, पण अशा माणसाला ‘ओ’ गटाचं रक्त चालत नाही, फक्त दुसऱ्या बॉम्बे गटाच्या माणसाचंच चालतं. आमच्या वहीत असा एकही दाता नाही. पान मात्र कोरं राखून ठेवलेलं आहे.

आणि मेच्या शिबिराला येणाऱ्यांना मार्चअखेरीस पहिला फोन, एप्रिलअखेरीस दुसरा, आदल्या दिवशी तिसरा. तिसऱ्या फोनला फक्त एवढंच: “उद्या सव्वानऊला. नाश्ता करून या.”